एकच दाणा

एस्किशेहिरच्या ओतशाळेत माझं काम एवढंच :
नाही म्हणणं.

आधी मेणाचं पातं, तळहातात मावेल एवढं.
त्यावर पातळ मातीचा लेप, वर वाळू, पुन्हा लेप,
असे सात थर. दोन थरांमध्ये एक दिवस.
मग मेण वितळून वाहून जातं
आणि आत राहते पात्याच्या आकाराची रिकामी जागा.
तिथे धातू ओतायचा, आणि इतक्या हळू निववायचा
की अख्ख्या पात्याचा मिळून एकच दाणा व्हावा.
सांधा नको कुठेच.
सांधा राहिला की इंजिनाच्या आगीत
पातं तिथूनच उकलतं.

चार ओळींत सांगून झालं.
आम्हाला अकरा वर्षं लागली, अजून लागताहेत.

शितावरून भाताची परीक्षा होते, पात्यांची होत नाही.
एकेक उचलायचं, आम्लात बुडवायचं,
दिव्याखाली तिरकं धरायचं.
चुकार दाणा चमकतो मांजराच्या डोळ्यासारखा,
एकाच बाजूनं, क्षणभर.
तेवढ्यात शिंका आली तर पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या वर्षी पत्र आलं :
लेपाची पावडर तूर्त पाठवता येणार नाही, परवाना विचाराधीन आहे.
खरेदी विभागातले सेलामी बे निवृत्त झाले,
त्यांच्या नातवाला दाढी फुटली,
परवाना विचाराधीन आहे.

आम्ही मग स्वतःच पावडर दळली.
पहिली वर्षभर नुसती झडायची.

सोमवारची पाती हटकून वाईट निघत.
चार डॉक्टरेटवाल्यांनी तक्ते मांडले, रंगीत, सुरेख.
वेहबी उस्ता एकदा रविवारी येऊन बसला.
त्याची हयात पांढऱ्या दगडाचे पाइप कोरण्यात गेलेली,
मिश्रधातूतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.
मेणाच्या खोलीत त्यानं भिंतीला तळवा टेकला.
म्हणाला, शनिवारी दुपारी हीटर बंद करता का रे?
करत होतो.
काटकसर म्हणून.
मेण केसभर आकसत होतं, आणि तो केस
आम्ही दोन वर्षं मिश्रधातूत शोधत होतो.

उस्ता गेल्या हिवाळ्यात वारला.
त्याच्या हाताखाली तिघं होते. दोघं फर्निचरच्या कारखान्यात आहेत,
पगार बरा, रात्रपाळी नाही.
तिसरी बेल्कीस. पत्र ज्या शहरातून आलं
त्याच शहरात ती नोकरीला गेली.
बायरामला फोन करते. कामाचं ती सांगत नाही,
मी विचारत नाही. आम्ही पोर्सुकच्या पाण्याबद्दल बोलतो.

ऑक्टोबरात समारंभ झाला.
चकतीला साठ पाती लागतात. मी हो म्हटलेली होती बावीस.
उरलेली अडतीस जुन्या, परदेशी इंजिनातून काढून बसवली
आणि झाकण लावलं.
व्यासपीठावरून आवाज आला : सगळं आपलं!
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, काय करणार.
उसनं अवसान म्हणतात ना,
त्याचा नेमका आकडा मला ठाऊक आहे.

कधी रात्री वाटतं,
समजा साठच्या साठ जमली,
इंजिन फिरलं, विमान उडालं,
तर खाली कुणाचं तरी छप्पर असेलच.
त्याचं माप माझ्या तक्त्यात नाही.
आणि शेजारच्या आकाशात दुसऱ्याचं विमान घोंगावतं
तेव्हा हा प्रश्नही उसनाच वाटतो.
दोन्ही वाटतं. सकाळी दिवा लावते.

परवा तायफुन बे म्हणाले, नुरजिहान हानिम,
हे एक सोडा. प्रदर्शनात काचेच्या पेटीत तर ठेवायचंय,
फिरणार थोडंच आहे?
मुळाशी रेघ होती. नखानं लागत नव्हती,
नजरेनं लागत होती.
मी शिक्का उचलला. नाही.
ते बराच वेळ उभे राहिले, मग चहा मागवला, दोघांना.

आज सोमवार.
आल्या आल्या मेणाच्या खोलीत गेले,
भिंतीला हात लावला.

गार.