सातवं घर

ज्युलियस आल्मेडा बोटीवरून सुट्टीला आला
तेव्हा बॅगा दोन, आणि तिसरी ही लांबट पेटी.
आत मखमल. मखमलीत बेस.
तीन लाख दहा हजार.
आकडा त्यानं हळू सांगितला,
बाप मागच्या पडवीत जाळं सांधत होता म्हणून.
कायतानला ऐकू गेलंच :
"तेवढ्यात होडयेक इंजिन इला असता."

ज्युलियसनं समजावलं, बाबा, ह्याच्या मानेचं लाकूड
भट्टीत भाजून घेतात, दमट हवेत वाकत नाही.
"लाकूड भाजतत? आमच्याकडे काजी भाजतत."
आणि सुई पुन्हा जाळ्यात.

माझा बेस कोल्हापूरचा, जुना, साडेआठ हजारांचा.
एसटीत मांडीवर आडवा धरून आणला,
आंबोलीच्या वळणांवर वाटलं
माझ्याआधी ह्यालाच उलटी होणार.
अकरा वर्षं झाली.
भादव्यात त्याची मान वाकते.
चतुर्थीच्या आदल्या रात्री ॲलन की घेऊन बसतो,
पाव फेरा असा, पाव फेरा तसा.
उभादांड्याची खारी हवा महिन्याभरात तारा खाते,
मी त्या टोपात उकळतो, पुसतो, परत चढवतो.
आणि सगळ्यात बारीक तारेवर
सातव्या घरात सूर मरतो.
दाबला की ठप्प,
ओल्या पोत्यावर नारळ पडावा तसा.
पत्रिकेत सातवं घर लग्नाचं म्हणतात.
मी वाजवतो लग्नांतच.

"चार दिवस ने," ज्युलियस म्हणाला,
"आणि सांग, पैसे वसूल आहेत की नाही."

शिरोड्याला रिसेप्शन.
पहिल्याच गाण्यात सूर निघाला
आणि गेलाच नाही,
खाडीत भरती चढते तसा, न बोलता,
खुर्च्यांच्या पायांत, सरबताच्या ग्लासांत,
नवरीच्या मामाच्या पोटात.
कुणी वळून पाहिलं नाही.
बेसकडे कुणी पाहत नाही, बंद पडला तरच पाहतात.
फक्त साऊंडवाला भालू म्हणाला,
"तारो बदललंस काय रे?"

तिसऱ्या गाण्यात ते वळण आलं
जिथे मी सातव्या घराच्या उंबऱ्यावरून माघारी येतो,
एक मात्रा मोकळी सोडतो.
आज सोडायचं कारण नव्हतं.
दाबलं. वाजलं, लख्ख.
आणि त्याच क्षणी त्यावर
तातू मोचेमाडकरच्या ड्रमचा पाय पडला.
एका अरुंद दारात दोन माणसं
एकदम शिरावीत, तसं झालं.

तातूनं माझ्याकडे पाहिलं. मी तातूकडे.

अकरा वर्षं तो तिथे पाय टाकत होता,
माझ्या मेलेल्या सुराच्या जागी, मोजून, दर वेळी.
बोलला कधीच नाही. त्यालाही माहीत नसावं.
आणि मी समजत होतो
ती मोकळी मात्रा म्हणजे माझी खुबी.

मध्यरात्री टेम्पोत सामान चढवताना
तो एवढंच म्हणाला,
"थंय आता मी काय करू?"

बेस परत केला. वसूल?
वसूल, मी म्हटलं. खोटं नाही.
मान सरळ, सगळी घरं नांदती,
हात ठेवला की बोट स्वतःहून शहाणं होतं.
मला तो हवा आहे, हेही खोटं नाही.
एका रात्रीचे बाराशे मिळतात.
दोनशे अठ्ठावन्न लग्नं,
वर चारशे रुपयांसाठी एखादा साखरपुडा.
हा हिशेब मी वीजबिलाच्या पाठीवर केला
आणि बिल भरायला दिलं नाही.

मग जुना बेस मांडीवर घेतला, ॲम्पशिवाय.
सातव्या घरात बोट दाबलं.
ठप्प.
पुन्हा दाबलं, आणि ह्या वेळी
टाच जमिनीवर आपटली, तातूसारखी,
बरोबर त्या जागी.
अर्धी मात्रा उशीर झाला.
परत.