सवळ

वडगावात आमच्या रंगाच्या चुलीला
दोन पाणी ठाऊक होती.
एक राकसकोपचं, नळाचं, आठव्या दिवशी येणारं,
साबण नुसता दाखवला तरी फेसणारं.
दुसरं बोअरचं. सवळ.
सवळ म्हणायला इथं कुणाला भाषा बदलावी लागत नाही.
पलीकडची चन्नव्वा म्हणते सवळु.
शेवटी एक उकार जास्त, चव तीच.

आप्पा पाणी जिभेवर घेत नसत.
अंगठा नि तर्जनी भिजवून एकमेकांवर घासत,
बोटं कुरकुरली की म्हणत,
'हे लाल धरणार नाही. काळ्याला ठेवा.'
काळ्याला सगळं चालतं.

यंदा नळालाच बोअर जोडलं.
कुणी सांगितलं नाही, सुतानं सांगितलं.
कुंकवी लडी हंड्यात सोडल्या, काठीनं उलथ्यापालथ्या केल्या,
वाळत घातल्या तर अंगभर नायट्यासारखे चट्टे.
शहापूरच्या हणमशेटनी माल परत धाडला.
चिठ्ठी नाही, काही नाही,
एका लडीला नुसती गाठ मारलेली.

मग डाळ शिजेना. मग केस.
मग गिझरची कॉइल, दस्तगीर मिस्त्रीनं ओढून काढली
तेव्हा तिचं चुन्याचं कणीस झालेलं.
'टाकू नका वैनी,' तो म्हणाला,
'कॉर्पोरेशनात दाखवा.'

नेली. बाजाराच्या पिशवीतून.
खिडकीतल्या माणसानं आधी अर्जाची भाषा पाहिली,
नंतर कॉइल.
अर्ज कन्नडात आणा, म्हणाला.
कॉइल चालेल.

चन्नव्वाच्या ईरण्णानं लिहून दिला.
'गडसुतन' हा शब्द मी त्याच्याकडून शिकले,
पाण्याचं जडपण.
मला तो कुणीतरी मान वळवून उभं राहिल्यासारखा वाटला.
उत्तर दीड महिन्यानं आलं, शिक्क्यासकट:
पाणी पिण्यास योग्य आहे.
खरंच आहे ते. आम्ही पितो.
सूत पीत नाही.

मुतगेकरांची वर्षा कॉलेजातून एक डबी घेऊन आली,
गल्लीतलं पाणी मोजायचंय म्हणाली, वहीसाठी.
ओट्यावर पेला, पेल्यात आमचा नळ,
वर चिमटीभर काळी पूड,
आणि पाण्याचं कोकमाचं सरबत झालं.
मग ती थेंब सोडू लागली, ओठांतल्या ओठांत मोजत.
सात. बारा. वीस.
कोकम ढिम्म.
शेजारच्या पेल्यात चन्नव्वाचं पन्हळीखाली धरलेलं पाणी होतं,
ते पूड लागताच निळं झालेलं,
एकही थेंब न मागता.

एकतिसाव्याला आमचं पाणी डचमळलं
आणि लाल-निळ्याच्या मधे
एक रंग आला, अर्ध्या श्वासापुरता,
मी तेवीस वर्षांत चुलीवरून न उतरवलेला.
'थांब ग!' मी ओरडले.
वर्षाचा हात थांबला,
पाणी थांबलं नाही.
निळं झालं, तळापासून काठापर्यंत सारखं,
कुठं चट्टा नाही.
यंदा आमच्या घरात नीट बसलेला तेवढाच एक रंग.

तिनं आकडा लिहिला. तीन अंकी होता.
मी विचारलं, ह्या पुडीनं सूत रंगतं काय?
ती हसली. 'मावशी, पहिल्या धुण्यात जाईल.'
आणि मघाचा तो, मधला?
'तो रंग नव्हे,' ती म्हणाली, 'ते नुसतं होऊलालतं.'

पेला मी तिला विसळू दिला नाही.
खिडकीत ठेवला.
निळं विटलं, पाणी उडून गेलं,
काचेला पांढरं कडं तेवढं उरलं.
नखानं खरवडून बघितलं, निघत नाही.

आत्ता चन्नव्वा हाक मारते,
'नीरु बंतु! पाणी आलं बघ!'
कुठलं, ते ती सांगत नाही.
मी बोटं भिजवायला जाते.