हात पेट्या

अकरावीला सायन्स घेतलं
आणि एका सुट्टीत माझा जुना षट्कोन
हेक्सागॉन होऊन वर्गात येऊन बसला.
कोन तेवढेच, बाजू तेवढ्याच,
पण ओळख पटेना,
मिशी काढून आलेल्या मामासारखी.

पिंगळे सर फळ्यावर उभी रांग लावायचे :
मोनो, डाय, ट्राय, टेट्रा,
पेंटा, हेक्सा, हेप्टा.
"ग्रीक आहे. पाठ करा. का म्हणून विचारू नका."
मी पाठ करायची दिंडोरीच्या एसटीत,
खिडकीच्या गजावर बोटं सरकवत.
म्हसरूळ येईतो टेट्रापर्यंत सगळं सुरळीत,
दिंडोरी नाक्याला पेंटा,
आणि गोदेच्या पुलावर
हेक्सा नि हेप्टा एकमेकांत अडकून
रोज खाली पाण्यात.

मग वहीच्या मागच्या पानावर मी सूड उगवला :
पेंटावटी.
ट्रायंबक.
हेप्टाशृंगी.
निमाणीला आफरीन ते वाचून इतकी हसली
की कंडक्टरने सुट्टे पैसे मोजणं थांबवलं.
तीच वही नेमकी सरांच्या हाती गेली.
सर त्या पानाकडे बघतच राहिले.
वर्ग माझ्याकडे बघत राहिला.
"पंच… पेंटा…" ते पुटपुटले,
"च्या मारी,"
आणि घंटा झाली.

अण्णा तेव्हा पेठ नाक्यावर
ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात द्राक्षाच्या पेट्या मोजायचे.
रविवारी डबा घेऊन गेले तर भांडण जुंपलेलं.
नवसारीचा नटुभाई, गाडीच्या फाळक्याला टेकून :
"हात पेटी ओछी छे!"
अण्णांनी दोन्ही हात वर केले :
"हात बघ! मी नाय घेतल्या!"
"अरे हात! हात!"
"हे काय, दोनच आहेत!"
हमाल चहा टाकून बघायला आले.
शेवटी नटुभाईनं एक पंजा उघडला,
दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याला लावली.
सात.
त्याच्या गावाकडे सात म्हणजे हात.
जिभेवरून स घसरतो नि ह होऊन उतरतो.

सगळे हसले. मी नाही.
मी डब्याचं झाकण धरून तशीच उभी.
सप्त.
हप्त.
हेप्टा.
आणि सहाचा तो षट्, तोही घसरलेलाच.
म्हणजे फार पूर्वी, कुठल्याशा नाक्यावर,
कुणीतरी माल मोजताना स गिळला
आणि आम्हाला त्याची परीक्षा.

(पेट्या ताडपत्रीमागे सापडल्या. सातच होत्या.)

सोमवारी सरांना सांगितलं.
ते खडू हातात फिरवत ऐकत होते.
पुढच्या आठवड्यात कुठूनसं वाचून आले,
टेट्राही आपल्या चारचाच चुलता निघाला,
सांगताना त्यांचा आवाज चढला होता.
"फक्त मोनो," ते म्हणाले,
"मोनोचं आपल्या एकाशी काही नातं नाही.
दोघेही आपापले."
आणि फळा पुसायला लागले,
पुसलेला फळा पुन्हा.
त्या वर्षी ते अशोकस्तंभाच्या खानावळीत जेवत,
कोपऱ्यातल्या टेबलावर. आम्ही पाहिलं होतं.

आता मी अंबडच्या लॅबमध्ये.
परदेशी निघालेली द्राक्षं आधी माझ्याकडे येतात,
अंगावर काय काय घेऊन :
टेट्राकोनाझोल, हेक्झाकोनाझोल.
नवा पोरगा यज्ञेश विचारतो,
मॅडम, तुमचं कधीच कसं चुकत नाही?
मी म्हणते, पेठ नाक्यावर शिकले.
त्याला वाटतं, तिथे कुठला तरी क्लास असेल.

अण्णांचे गुडघे गेले. मोजायला आता
समोरच्या तारेवरची कबुतरं.
तरी रात्री जेवताना विचारतातच,
आज किती नमुने आले?
"हात," मी सांगते.
ते घास खाली ठेवतात,
दोन्ही हात वर करतात :
"मी नाय घेतल्या."