वासाचा मास्तर

पालद्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आज माझी शिकवणी.
सत्तावीस माणसं, बटाट्याच्या रिकाम्या पोत्यांवर.
छतावर केशरी कापडाचा मोजा फुगलेला.
आधी त्याच्याकडं बघायचं, मग पळायचं:
आडवं, ढगाबाहेर,
आणि मग वाऱ्याच्या तोंडाकडं.
डोळ्यांत गेला तर पंधरा मिनिटं पाणी,
ओरडलात तरी पंधरा.
ओलं फडकं नाकाला धरायचं ते पळण्यापुरतं,
मर्दुमकीसाठी नाही.

नवा पोरगा, भेरूसिंग, विचारतो,
"साब, बास कसी आवे?"

कोंडलेला गोठा, मी म्हणतो,
केसांचा कलप,
आणि लगेच डोळ्यात सुई.

हे सगळं आठवणीतून.
चौदा वर्षांपूर्वी सांवेर रोडच्या बर्फ कारखान्यात
तेल काढताना व्हॉल्व्ह उघडा राहिला माझ्या हातून.
तेव्हापासून नाक आहे ते चष्म्यासाठी.
सराफ्यात रात्री लोक वासामागं जातात,
मी पाट्या वाचतो.
दूध करपतं आणि मालू आतून ओरडते,
अहो टकसाळे, शेजारीच तर बसलाय!

ड्रिलचा भोंगा साडेअकराला वाजायचा होता.
अकरा दहाला मांगीलालनं डोळे पुसले.
मला वाटलं, कंटाळा.
भेरू उभा राहिला.
"साब, अई री हे."

मी खोल श्वास ओढला.
काही नाही.
धुतलेल्या पाटीसारखी हवा.

त्याच्या डोळ्यांच्या कडा पाहिल्या. लाल.

भोंगा दाबला.
सत्तावीस जण आडवे गेले, मग वाऱ्यासमोर,
एक चप्पल मागं राहिली, तिच्यासाठी कुणी वळलं नाही.
चिंचेखाली मोजले. दोनदा मोजले.

पाठीला हवेची टाकी बांधून मी आणि ऑपरेटर आत.
गंधकाची काडी सांध्यासांध्याशी फिरवत नेली,
तिसऱ्या व्हॉल्व्हला धूर पांढराफेक झाला.
ग्लँडचा नट, अर्धा वेढा.
एवढंच होतं.

बाहेर टाळ्या.
मॅनेजर म्हणाले, काय हुबेहूब जमवलंत, साहेब!

हजेरीपत्रकावर सह्या, चार अंगठे.
भेरू चप्पल शोधून आला, जवळ उभा राहिला,
हळूच म्हणाला,
"तमारे नी अई कंई, साब?"

चहा आला का बघ, मी म्हटलं.
वर मोजा खांबाला चिकटून
लोंबत होता.