मदतनीस

हेल्यूमावशीच्या गुडघ्यातलं पाणी
मंगळवारी हाप्सालूहून तार्तूला आलं,
बर्फाच्या डब्यातून, थेट माझ्या टेबलावर.
नळीवर नाव नव्हतं, नुसता आकडा.
आकडा मला पाठ होता.

निरोगी सांध्यातलं पाणी मधासारखं तार धरतं.
हे धरेना. टपटप पडलं.

यंत्रात पेशी एकामागून एक लेसरसमोरून जातात
आणि पडद्यावर ठिपके होऊन बसतात.
वर उजवीकडे ही दाटी :
मदतनीस टी पेशी.
नाव ठेवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार.

यांच्या हाती शस्त्र नसतं.
हाड कुरतडणारे वेगळे, आग लावणारे वेगळे.
कुणीतरी प्रथिनाचा तुकडा तळहातावर धरून पुढे येतं,
ओळखता का याला?
या म्हणतात, हा आपला नाही.
एवढंच.
पुढचं पुढचे बघतात.

आणि तुकडा तर घरचाच.
अर्जिनिनच्या जागी सिट्रुलिन आलेलं, बस,
एक टाका बदललेला.
(मावशी सिगारेट ओढायची, माशांच्या कारखान्याच्या मागच्या दाराशी,
चोवीस वर्षं. ती सुरुवात असेलही,
नसेलही. मी तिला सांगितलेलं नाही.)

टाका चुकला तर ती चार रांगा उसवायची.
सात फासे एका सुईवर घेऊन एक गाठ,
हाप्सालूच्या शालीवर अशा हजारो गाठी,
आणि अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून
सरकन आरपार गेली पाहिजे,
नाहीतर ती शाल नव्हे, गोधडी.
शरीराला उसवता येत नाही.
ते चुकीच्या टाक्यावर विणतच राहतं.

एकोणपन्नास सालच्या मार्चमध्ये
मावशीची आई आणि धाकटा भाऊ
गुरांच्या डब्यातून पूर्वेला गेले.
यादी पंचायतीच्या कारकुनाने केली होती.
त्याने कुणाला हातही लावला नाही.
विचारलं तेव्हा नावं सांगितली, सुवाच्य अक्षरात.
पुढे तीस वर्षं तो त्यांच्याच गल्लीत राहिला,
एकदा छपराच्या फळ्या ठोकायला आपणहून आला.
मावशी म्हणते, मदतीला माणूस चांगला होता.
ती हे उपरोधाने म्हणते का,
मला आजवर कळलेलं नाही.

अंगठी गेल्या हिवाळ्यात कापावी लागली.
पेरं सुजलेलं, साबण, दोरा, बर्फ, सगळं करून झालं.
सोनाराने छोटी करवत लावली तेव्हा
ती खिडकीबाहेर समुद्राकडे बघत होती,
गोठलेल्या.

नव्या औषधाबद्दल मी तिला फोनवर सांगितलं :
हे कुणाला मारत नाही, मावशी.
तो निरोप पक्का व्हायला दोन खुणा लागतात,
हे दुसऱ्या खुणेच्या मध्ये जाऊन उभं राहतं.
दोघांच्या मधे, दारात,
कुणी आडवं उभं राहावं तसं.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
मागे केटलीची शिट्टी वाजत होती
आणि तिला ती उचलायला किती वेळ लागतो ते मला ऐकू येत होतं.

मग म्हणाली,
तेव्हा कुणी उभं राहिलं नव्हतं.

मग म्हणाली,
सुई नर्स टोचते ना? मला जमायचं नाही.

जूनमध्ये गेले तेव्हा ती अंगणात बसली होती.
दोन्ही हातांची बोटं करंगळीकडे कललेली,
सगळी एकाच दिशेला, कुणाकडे तरी
दाखवत असल्यासारखी.
मी त्या दिशेला बघितलं.
कुंपण. शेजारचं सफरचंदाचं झाड.
तारेवर वाळत घातलेली,
अर्ध्यात सोडलेली शाल.