पाय बेगीन निंगतो का

नागदेवी स्ट्रीटला, बेअरिंग आणि पट्ट्यांच्या दुकानांमध्ये
एक दुकान फक्त बुटांचं.
दारात जोड उलटे टांगलेले,
जणू कुणी जमिनीत सूर मारलाय
आणि वर नुसत्या तंगड्या उरल्यात.

आईने पायरीवर चपला काढल्या.
मुर्तझाभाई म्हणाले, अहो, मी पायातलंच विकतो,
या तशाच.
मग मला विचारलं, कुणाला हवेत? वडलांना?
हिला, म्हटलं. चार नंबर.

चार नंबरचा गमबूट कंपनी काढत नाही.
सहापासून पुढे.
गटारात, गोदीत, नदीनाल्यात उतरणारे पाय
सहापासून सुरू होतात
असं कुणीतरी कुठेतरी बसून ठरवलंय,
आणि भांडुपच्या खाडीत ही पन्नास वर्षं
चार नंबरच्या पायांनी निवट्या काढतेय.

त्या पायांना कालवांची धार ठाऊक होती,
तिवरांचे खुंट ठाऊक होते.
ट्यूबलाइटची काच ठाऊक नव्हती.
अंगात साखर, जखम भरेना,
शेवटी मुलुंडच्या हॉस्पिटलात
डावी करंगळी ठेवून आली.
डॉक्टर म्हणाला, बूट घाला, नाहीतर घरी बसा.
घरी बसा हे तिला
जन्मठेपेसारखं ऐकू आलं असावं,
कारण दुसऱ्याच दिवशी म्हणाली, चल.

माझ्याकडे यादी होती.
तळ जाड हवा, आत पोलादी पत्रा,
शिवण नको, एका साच्यातला, गुडघ्याला दोरी.
मुर्तझाभाईंनी तळवा वाकवून दाखवला,
पेरांनी ठोकला.
दहा वर्षं, म्हणाले, लिहून देतो.

आईने आधी वास घेतला.
मग बुटात हात घातला, कोपरापर्यंत,
बिळात घालते तसा,
डोळे मिटून, बोटांनी बघत.
"पाय बेगीन निंगतो का?"
मुर्तझाभाईंना कळेना.
"चिखलान रुतला नि भरती आली,
त बूट ऱ्हाऊं दे तिकरं.
पाय येल का?"

दुकानात पंखा फिरत होता.
मला धनूआत्या आठवली,
जिचं नाव आमच्याकडे भरतीच्या वेळी घेत नाहीत.
तिने नवऱ्याचे आठ नंबरचे घातले होते,
गोदीतले, चांगले,
चिंध्या कोंबून, सुतळीने करकचून बांधून.
बूट टिकले.
अजून ओट्याखाली आहेत.
कुणी टाकत नाही, कुणी घालत नाही.

मी यादी घडी करून पर्समध्ये टाकली.

मग सुरू झालं ते बघायला
शेजारचा बेअरिंगवालाही आला.
आई स्टुलावर, पदर खोचून,
मुर्तझाभाई खाली उकिडवे,
दोन्ही हातांनी बूट घट्ट धरून.
ते चिखल झाले होते.
पहिल्या जोडातून पाय आला, पण रडतखडत.
दुसऱ्यात घोटा अडकला;
ती म्हणाली, मेले मी, पुढचा.
तिसरा, पोत्यातून शोधलेला पाच नंबर,
तोंड रुंद, तळ बेताचा, रंग उडालेला हिरवा,
त्यातून पाय असा सुटला
की चिखल मागच्या खोक्यांवर जाऊन पडला
आणि टोपी सावरत हसायला लागला.

ह्याची वर्षाचीही खात्री देत नाही, म्हणाले, बाई, खरं सांगतो.
"वर्साचा काय करू?
मना एका भरतीचा सांग."

भाव तिने बोंबलांसारखा केला.
निम्म्यापासून सुरुवात,
दोनदा उठून दारापर्यंत जाणं.

पायरीवर बसून तिने पिशवीतून कोयती काढली,
दोन्ही बुटांच्या काठातल्या दोऱ्या कापल्या,
ओढून बाहेर काढल्या, गुंडाळल्या
आणि परत आत जाऊन
गल्ल्यावर ठेवल्या.