लहान आतडं

छापील फॉर्मवर जागा दोनच:
गर्भाशय. अंडाशय.
वर कन्नड, खाली इंग्रजी,
आणि नागुबाई बेळगुंदकरची सही
ना ह्या ओळीत ना त्या,
मध्येच, मराठीत,
'बे'ची मात्रा चौकटीबाहेर गेलेली.

सोनोग्राफी म्हणाली होती, डावं अंडाशय.
हिरेमठ मॅडम म्हणाल्या, पिशवीही काढून टाकू,
पन्नाशी उलटली, ठेवून काय करायचं.
नागुबाईनं मान डोलावली.
रात्री वॉर्डात मला म्हणाली,
तीन पोरं दिली हिनं, एक न्हाई दिलं.
खरं आता लई छळतीया. जाऊ दे.

सकाळी पोट उघडलं
आणि मॅडमचा हात थांबला.
डावं अंडाशय जागेवर,
चिंचोक्याएवढं, पांढरं, सुरकुतलेलं,
चौकशीला उगाच बोलावलेल्या माणसासारखं.
पिशवीही स्वच्छ.
आणि त्यांच्या वर, आतड्याच्या एका वळणाला लोंबत
पेरूएवढी गाठ, गुलाबी-करडी,
आपल्याच वजनानं ओटीपोटात उतरून बसलेली.

"इदु नम्मदल्ल," मॅडम म्हणाल्या.
हे आमचं नव्हे.
बेळगावात हे वाक्य कुणाला शिकवावं लागत नाही,
खरं त्या आवाजात भांडण नव्हतं.
थोडी भीती होती, आणि लगेच फोन.

सदलगे सर दुसऱ्या मजल्यावर हर्निया शिवत होते.
वीस मिनिटं.
मी कोमट सलाइनचे मॉप पिळून आतड्यांवर पांघरले,
थंड झाले की बदलले.
कुलगोड सर मॉनिटरकडे बघत म्हणाले,
झोपलीय छान.
दाराशी सरोजाक्कानं नवऱ्यापुढे दुसरा कागद धरला.
अर्ध्या दारातून मला ऐकू आलं:
पिशवीचंच न्हवं?
नाही मामा, आतड्याचं.
त्येच्यासाठी आमी आलोच न्हाई की.
मग बराच वेळ काही नाही,
मग पेन मागितलेलं.

सदलगे सर आले
आणि आतडं बोटांतून सोडत निघाले,
वीत वीत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणखी कुठे आहे का बघत.
माझी आई वडगावात कांड्या भरताना
सूत असंच चिमटीतून सोडायची, डोळे मिटून.
गाठ डोळ्यांना न्हाई, बोटांना दिसती, म्हणायची.
दुसरी सापडली नाही.
गाठीच्या दोन्ही अंगांनी चांगलं आतडंही थोडं गेलं,
उरलेली टोकं एकमेकांना शिवली.

पिशवी? मी विचारलं.
राहू दे, मॅडम म्हणाल्या, आज तिची पाळी नाही.
कुणी हसलं नाही.
मॉप मोजले. पंधरा दिलेले, चौदा आले.
परत मोजले. पंधरा.

बरणीच्या चिठ्ठीवरचं छापलेलं खोडून
वर हातानं लिहिलं.
बसू ती दोन्ही हातांत धरून लॅबकडे गेला,
दुधाचं पातेलं नेतात तसा, पायांकडे बघत.
रिपोर्टला आठ-दहा दिवस.

संध्याकाळी ओठ ओले करत तिनं विचारलं,
गेली पिशवी?
म्हटलं, आहे.
मग सांगितलं, जेवढं सांगायची मला मुभा तेवढं.
ती पंख्याकडे बघत राहिली.
नंतर पांघरुणाखाली हात नेऊन
पट्टीच्या खालच्या अंगाला अलगद ठेवला.
"चार वर्सं हिला शिव्या घातल्या की गं.
ही बिचारी गप्पच."

कशाचं ते लिहून दे म्हणाली, मराठीत,
घरात इचारतील.
गोळ्यांच्या पाकिटामागे लिहिलं: लहान आतडं.
तिनं एकेक अक्षर बोटाखाली घेऊन वाचलं.
"लहानच हाय न्हवं? मग बरं."

पाकीट तिच्या उशाखाली सरकवलं.
वीस फूट असतं ते.
सांगितलं नाही.